डायरियात दोन आर आणि एक एच कशासाठी?

जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. डायरिया, हेमरेज, ॲरिदमिया, डिसमेनोरिया, सिरॉसिस या लांबलचक इंग्रजी शब्दांत आर-आर-एच ही तीन अक्षरे लागोपाठ का येतात? कानाला एकच ‘र’ ऐकू येतो. मग कुठे दोन आर लिहायचे, कुठे एक आणि एच नेमका कुठे, हे पाठांतराशिवाय कसे कळावे?

मी बरीच वर्षे नर्सिंग, फार्मसी आणि लॅब टेक्निशियनच्या मुलांना वैद्यकीय शब्दावली शिकवतो. पाठांतराशिवाय हे जमते, आणि जास्त चांगले जमते. एकेका शब्दाचे स्पेलिंग सुटे घोकणारी मुले परीक्षेनंतर ते विसरतात. या तीन अक्षरांचे कारण कळलेली मुले कधी न पाहिलेला शब्दही बरोबर लिहितात.

हे सगळे शब्द ग्रीक आहेत. ग्रीकमध्ये ‘र’साठी ‘ऱ्हो’ नावाचे अक्षर आहे. शब्दाच्या सुरुवातीला ते आले की त्याचा उच्चार श्वास सोडत, हकाराच्या अंगाने होई. ग्रीक लिपीत त्यासाठी अक्षरावर छोटीशी खूण असते. रोमन लोकांनी हे शब्द लॅटिनमध्ये घेताना त्या खुणेच्या जागी एच लिहिला. म्हणून ऱ्हिदम, ऱ्हाय्नो, ऱ्हुमॅटिझम या शब्दांची सुरुवात आर-एच अशी होते. इंग्रजांनी तो हकार कधी उच्चारला नाही, पण लिहिताना ठेवला.

मराठी मुलाला इथे मोठा फायदा आहे. आपल्याकडे ‘ऱ्ह’ हा ध्वनी रोजच्या वापरात आहे: ऱ्हास, तऱ्हा, गोऱ्हा, कऱ्हाड. प्राचीन ग्रीक उच्चार अगदी असाच होता असे नाही, पण जवळचा होता. मी वर्गात सांगतो की बोलताना डायरियाच म्हणा, लिहिताना मात्र मनात ‘डाय-अर्-ऱ्हीआ’ असे वाचा. एच आरच्या आधी की नंतर हा गोंधळ तिथेच मिटतो, कारण ‘ऱ्ह’मध्ये र आधी आणि ह नंतर. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ही सोय नसते.

आता दुसरा आर कुठून आला ते पाहू. ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वात आवडते.

डायरियाच्या शेपटात ‘ऱ्हेइन’ हे ग्रीक क्रियापद आहे, अर्थ वाहणे. आपल्या संस्कृतमधला ‘स्रु’ हा धातू, म्हणजे स्रवति, स्राव, स्रोत, हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांचा मूळ पूर्वज एक, आणि त्याच्या सुरुवातीला ‘स्र’ होता. संस्कृतने तो जसाच्या तसा सांभाळला. ग्रीकमध्ये शब्दारंभीचा स झिजून नुसता श्वास उरायचा. आपल्या ‘सप्त’च्या जागी ग्रीकमध्ये ‘हेप्टा’ दिसतो तो यामुळेच. ‘सर्प’ या शब्दाचा धातू आणि ‘हर्पीस’ या आजाराच्या नावातला सरपटणे या अर्थाचा ग्रीक धातू हेही असेच एक आहेत. हर्पीस झोस्टरला आपल्याकडे नागीण म्हणतात. दोन भाषांतल्या माणसांना त्या पुरळात तेच प्राणी-रूप दिसले, हे दरवेळी सांगताना मला नव्याने वाटते.

तर शब्दारंभी ‘स्र’चा ‘ऱ्ह’ झाला. पण त्याच्या आधी स्वराने संपणारा उपसर्ग जोडला की स शब्दाच्या मधोमध यायचा, आणि तिथे तो शेजारच्या र मध्ये मिसळून र दुप्पट व्हायचा. ‘डिआ’, म्हणजे आरपार, अधिक ‘ऱ्होइआ’, म्हणजे वाहणे, मिळून ‘डिआर्ऱ्होइआ’. त्या स्पेलिंगमधला पहिला आर म्हणजे आपल्या ‘स्राव’मधल्या स ची उरलेली जागा आहे. ऱ्हो-ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या काही धातूंच्या आरंभी पूर्वी ‘व’ होता, तोही असाच मिसळला. पुढे ग्रीकांनी हा नियम ऱ्हो-ने सुरू होणाऱ्या जवळपास सगळ्याच शब्दांना लावला. लॅटिनने ते आर-आर-एच असे लिहिले आणि इंग्रजीने तसेच उचलले.

म्हणजे नियम एवढाच उरतो. ग्रीक शब्द आर-एचने सुरू होत असेल तर एक आर. त्याच्या आधी ऱ्हस्व स्वराने संपणारा तुकडा जोडला असेल तर दोन आर आणि मग एच. आधी व्यंजन असेल तर पुन्हा एकच आर.

नियम पूर्ण दिसावा म्हणून एकच शब्द घ्या: रायनोरिया, म्हणजे नाक वाहणे. स्पेलिंग आर-एच-आय-एन-ओ-आर-आर-एच-ओ-ई-ए. सुरुवातीला ‘ऱ्हिनो’, नाक, शब्दारंभी असल्यामुळे एक आर. मग ‘ओ’ हा स्वर आला आणि त्याला ‘ऱ्होइआ’ जोडले, म्हणून दोन आर. हा एक शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

व्यंजनाचा भाग कळायला हृदयाच्या वॉर्डातली जोडी घ्या. ॲरिदमिया आणि डिसरिदमिया, दोन्ही शब्द हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वापरतात. ॲरिदमियात ‘अ’ हा नकार आहे, तो स्वर, म्हणून ए-आर-आर-एच-वाय-टी-एच-एम-आय-ए. डिसरिदमियात ‘डिस’ आहे, शेवटी एस, म्हणून डी-वाय-एस-आर-एच-वाय-टी-एच-एम-आय-ए, आर एकच. मुले इथे हमखास चुकतात, कारण एका शब्दाची सवय दुसऱ्याला लावतात. आणि मी ऱ्हस्व स्वर म्हटले ते मुद्दाम. ‘यू’ म्हणजे चांगले या अर्थाचा जो ग्रीक उपसर्ग आहे तो ई-यू असा जोडस्वर आहे, त्यानंतर आर दुप्पट होत नाही. युरिदमिक्स या शब्दात म्हणूनच एक आर.

खरे अपवाद आधुनिक काळात बनवलेल्या शब्दांत आहेत. कान-नाक-घसा विभागाचे भारदस्त नाव ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी, 19 अक्षरांचे. नियमाने ‘ओटो’ आणि ‘ऱ्हायनो’ यांच्यामध्ये दोन आर हवेत, पण प्रचलित स्पेलिंगमध्ये एकच आहे. बायोरिदममध्येही एकच. हे शब्द प्राचीन ग्रीकांनी घडवलेले नाहीत, अलीकडच्या लोकांनी तुकडे शेजारी ठेवून जुळवले आहेत. असे शब्द थोडे आहेत, ते वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

यानंतर शेपटे ओळखायची. आर-आर-एचच्या पुढे काय येते त्यावर शब्दाचा अर्थ ठरतो, आणि रुग्णाच्या कागदावर हाच भाग जास्त महत्त्वाचा.

सर्वात मोठे घराणे वाहण्याचे. इंग्रजी शेपूट आर-आर-एच-ओ-ई-ए. यातला एक शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो ग्रीक असेल अशी शंकाही येत नाही: दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरचा ‘पायरिया’. ‘प्यो’ म्हणजे पू, अधिक वाहणे. स्पेलिंग पी-वाय-ओ-आर-आर-एच-ओ-ई-ए. आता दंतवैद्य पेरिओडोन्टायटिस म्हणतात, पण पाटीवर अजून पायरियाच असतो. ल्युकोरिया म्हणजे पांढरे जाणे, ‘ल्युको’ पांढरा. सेबोरियात त्वचेतले तेल, ओटोरियात कानातला स्राव, गॅलॅक्टोरियात दूध, स्टिॲटोरियात शौचातून जाणारी चरबी. अ‍ॅमेनोरिया म्हणजे पाळी न येणे, ऑलिगोमेनोरिया म्हणजे लांबलेल्या अंतराने येणे, डिसमेनोरिया म्हणजे दुखून येणे. या तिन्हींत ‘मेनो’ हा महिन्याचा तुकडा आहे, तो ‘ओ’ने संपतो, म्हणून तिन्हीकडे दोन आर. इथे ‘डिस’ आहे म्हणून एक आर करू नका. ‘डिस’ आणि ‘ऱ्होइआ’ यांच्यामध्ये ‘मेनो’ बसला आहे. शेपटाला थेट चिकटलेला तुकडा बघायचा, शब्दाची सुरुवात नव्हे.

गनोरियाच्या नावात एक जुना गैरसमज अजून बसला आहे. ‘गोनो’ म्हणजे बीज, वीर्य. त्या काळच्या वैद्यांना वाटे की रोग्याच्या शरीरातून जाते ते वीर्यच. तो जंतुसंसर्गाने झालेला पू आहे हे ठरले ते 1879 मध्ये, आल्बर्ट नायसर यांनी त्याचा जंतू शोधला तेव्हा. शास्त्र बदलले, नाव आणि त्यातले आर-आर-एच राहिले. कटार म्हणजे नाक-घशाच्या आतल्या अस्तराची सूज आणि शेंबूड. त्यात ‘काटा’ म्हणजे खाली. डोक्यातून द्रव खाली उतरतो अशी जुनी कल्पना. या शब्दाला शेपटाचा पुढचा भागच उरलेला नाही, शब्द आर-आर-एचवरच संपतो: सी-ए-टी-ए-आर-आर-एच.

आपल्या आयुर्वेदानेही जुलाबाला वाहण्यावरूनच नाव दिले, अतिसार. त्याचा धातू सृ आहे, स्रु नाही, एवढे मात्र लक्षात असू द्या. बीएएमएसची मुले कधी कधी दोन्ही एकच समजतात.

दुसरे घराणे फुटण्याचे. शेपूट आर-आर-एच-ए-जी-आय-ए किंवा आर-आर-एच-ए-जी-ई. वर्तमानपत्रातला ‘ब्रेन हेमरेज’ इथला. ‘हेमो’ रक्त, अधिक फुटून बाहेर येणे. त्याच्याच शेजारी बसणारा हेमरॉइड, म्हणजे मूळव्याध, वाहण्याच्या घराण्यातला आहे. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये दोघांची पहिली आठ अक्षरे सारखी, धातू वेगळे. मेनोरेजिया म्हणजे पाळीत अतिरिक्त रक्तस्राव, मेट्रोरेजिया म्हणजे पाळीव्यतिरिक्त होणारा. दोन्ही एकत्र असले की मेनोमेट्रोरेजिया, 16 अक्षरांचा. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, फिगोने, 2011 मध्ये गर्भाशयाच्या अनैसर्गिक रक्तस्रावाचे पाम-कोइन हे वर्गीकरण आणले, आणि हे जुने शब्द बाजूला ठेवून साध्या वर्णनाने नोंद करावी असा आग्रह तेव्हापासून वाढला आहे. मला तो पटतो. प्रत्येक डॉक्टर या शब्दांचा थोडा वेगळा अर्थ घेत असे. पण जुन्या फायली आणि पुस्तके वाचायची तर शब्द यायलाच हवेत.

वाहणे आणि फुटणे यांतला फरक नर्सने जपलाच पाहिजे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या कानातून स्वच्छ पाण्यासारखा द्रव येत असेल तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो आणि कवटीच्या तळाला तडा गेल्याची ती खूण असू शकते. तो सीएसएफ ओटोरिया. कानातून रक्त येत असेल तर ओटोरेजिया. शेपटातल्या दोन-तीन अक्षरांत हा फरक आहे.

तिसरे घराणे शिवण्याचे, शेपूट आर-आर-एच-ए-पी-एच-वाय. चौथे फाटण्याचे, आर-आर-एच-ई-एक्स-आय-एस. ही दोन शेजारी ठेवून शिका, कारण अर्थ नेमके उलटे. हिस्टेरॉरफी म्हणजे गर्भाशय शिवणे, हिस्टेरोरेक्सिस म्हणजे गर्भाशय फाटणे. पहिली शस्त्रक्रिया आहे, दुसरी जिवावरची आपत्ती. हर्नियाच्या बाबतीत तीन शब्द फिरतात: हर्निऑटमीत पिशवी उघडून काढतात, हर्निऑरफीत कमकुवत जागा टाके घालून शिवतात, हर्निओप्लास्टीत बहुधा जाळी बसवतात. ऑपरेशन थिएटरच्या यादीत एकाच्या जागी दुसरा लिहिला तर तयारी चुकते. लॅबच्या मुलांसाठी कॅरिओरेक्सिस: पेशी मरताना तिच्या केंद्रकाचे तुकडे होणे.

लांब शब्दाची भीती घालवायला मी वर्गात कॉल्पोपेरिनिऑरफी हा शब्द फळ्यावर लिहितो. इंग्रजीत 19 अक्षरे. आगगाडीचे डबे सोडवावेत तसे तो सोडवायचा. ‘कॉल्पो’ योनिमार्ग, ‘पेरिनिओ’ योनी आणि गुद यांमधली जागा, ‘ऱ्हाफी’ शिवण. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीत या भागाची दुरुस्ती करतात, ती ही. ‘पेरिनिओ’ स्वराने संपतो, म्हणून दोन आर, एच. पूर्ण शब्द आयुष्यात पहिल्यांदा पाहणारी मुलगी दोन मिनिटांत त्याचे स्पेलिंग सांगते.

फार्मसी आणि आयुर्वेदाच्या मुलांना हेच आर-आर-एच औषधी वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत भेटते. ग्रीकमध्ये ‘ऱ्हिझा’ म्हणजे मूळ. घसा बसला की आपण चघळतो ते ज्येष्ठमध म्हणजे ग्लिसिरायझा ग्लॅब्रा. ‘ग्लिकिस’ म्हणजे गोड, गोड मुळाची वनस्पती: जी-एल-वाय-सी-वाय-आर-आर-एच-आय-झेड-ए. इंग्रजीतला लिकोरिस हा शब्दही याच नावाची झिजलेली मूर्ती आहे. याच्या उलट कुटकी, हिमालयातली कडू मुळी, पिक्रोरायझा कुरोआ. ‘पिक्रोस’ म्हणजे कडू. हाही तुकडा स्वराने संपतो, पण प्रचलित शास्त्रीय नावात आर एकच आहे. नाव ज्याने प्रथम दिले त्याने जसे लिहिले तसेच बहुधा चालू राहते, म्हणून वनस्पतींच्या नावांत माझा नियम चालवू नका. तिथे प्रमाणित यादी बघा. बुरशी आणि झाडाची मुळे यांच्या सहजीवनाला 1885 मध्ये मायकोरायझा हे नाव मिळाले, त्यात मात्र नियमाप्रमाणे दोन आर आहेत.

काही शब्दांत आर-आर-एच आहे पण जोड नाही. सिरॉसिस हा त्यातला महत्त्वाचा. लेनेक या फ्रेंच वैद्याने 1819 मध्ये यकृताच्या या आजाराला नाव दिले ते ग्रीक ‘किऱ्होस’वरून, पिवळट तपकिरी रंग. मूळ शब्दातच दोन ऱ्हो आहेत. हा तुकडे पाडून सापडत नाही, पाठच करावा लागतो: सी-आय-आर-आर-एच-ओ-एस-आय-एस. हिराबोळाला इंग्रजीत मर म्हणतात, एम-वाय-आर-आर-एच. तो ग्रीकमध्ये आला सेमिटिक भाषांतून.

प्राणिशास्त्रवाल्यांसाठी एक सावधगिरी. 1812 मध्ये जॉफ्रॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने माकडांचे नाकावरून दोन गट केले: अमेरिकेतली चपट्या नाकाची प्लॅटिराइन, आणि आशिया-आफ्रिकेतली, नाकपुड्या खाली वळलेली कॅटाराइन. आपली वानरे, माकडे आणि आपणही कॅटाराइन. या शब्दाची पहिली सात अक्षरे कटारसारखी आहेत, पण कॅटाराइनमध्ये नाक आहे आणि कटारमध्ये वाहणे.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत 1999 मध्ये भारतीय वंशाची नूपुर लाला जिंकली ती ‘लॉगोरिया’ या शब्दावर, म्हणजे अतोनात बोलणे. त्या स्पर्धेत मुलांना शब्दाचा अर्थ आणि तो कोणत्या भाषेतून आला हे विचारायची मुभा असते. ‘ग्रीक’ आणि ‘बोलण्याचा ओघ’ एवढे कळले की ‘लोगो’ अधिक ‘ऱ्होइआ’ आपोआप दिसते. तुम्हीही नवा शब्द आला की हेच दोन प्रश्न स्वतःला विचारा.

आता ब्रिटिश की अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत डायरियाच्या शेवटी ओ-ई-ए, अमेरिकनमध्ये नुसते ई-ए. ब्रिटिश हेमरेजची सुरुवात एच-ए-ई, अमेरिकन एच-ई. आर-आर-एचला मात्र अमेरिकनांनीही हात लावला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात ब्रिटिश रूपे आहेत, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या संग्रहाच्या विषयसूचीत अमेरिकन. पुण्यात किंवा नवी मुंबईत अमेरिकन रुग्णालयांसाठी मेडिकल कोडिंगची नोकरी करायची तर तिथे अमेरिकनच लागेल. परीक्षेत दोन्ही चालतात, पण एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत ठेवा. पहिल्या पानावर ओ-ई-ए आणि तिसऱ्या पानावर ई-ए दिसले की तपासणाऱ्याला तो अंदाज वाटतो. सरकारी रुग्णालयातल्या नोंदी आपल्याकडे बहुतेक ब्रिटिश वळणाच्या असतात, म्हणून नर्सिंगच्या मुलींना मी तेच वळण लावून घ्यायला सांगतो.

सरावासाठी पाच शब्द देतो. पुस्तक न उघडता आधी तुकडे पाडा, मग स्पेलिंग लिहा, मग तपासा: टेनॉरफी, म्हणजे स्नायुबंधाचे टोक शिवणे, ब्लेनोरिया, म्हणजे श्लेष्मल स्राव, रायनोरेजिया, म्हणजे नाकातून रक्त येणे, अँटिॲरिदमिक, म्हणजे ठोके नियमित करणारे औषध, आणि पॉलिरिदम, हा संगीतातला. पाचव्यात थांबून विचार करा: तो ग्रीकांनी घडवला असेल की अलीकडच्या कोणी?